मागच्या बागेची नागमोडी भिंत: विटांमधल्या दरजा सिमेंटने भरू की चुन्याने?

वळणावरचे_घर

मंडळी, सल्ला हवाय. त्या निमित्ताने थोडी गंमतही दाखवतो.

आम्ही इंग्लंडात सफक परगण्यात राहतो. घर साधंच, १९७० च्या आगेमागचं. पण मागच्या बागेची हद्द म्हणजे एका जुन्या हवेलीच्या फळबागेची विटांची भिंत आहे. इथे हे पुष्कळ गावांत दिसतं. विसाव्या शतकात जमीनदारांना ती अवाढव्य घरं पोसेनाशी झाली, घरं पाडली गेली, बागांचे प्लॉट पडले आणि भिंती तेवढ्या राहिल्या. आमच्या परगण्यातल्या ईस्टन गावचंच बघा. ड्यूक ऑफ हॅमिल्टनची तिथली हवेली १९२० च्या दशकात जमीनदोस्त झाली. तिची भिंत अजून गावात उभी आहे, आणि अशा प्रकारची जगातली सर्वांत लांब भिंत आमचीच, असं गावकरी छातीठोकपणे सांगतात.

'अशा प्रकारची' म्हणजे नागमोडी. आमचीही त्याच जातीची. इथे हिला क्रिंकल क्रँकल म्हणतात. एकदा आमच्या बाजूला फुगते, एकदा शेजारच्या शेताकडे, असं शेवटपर्यंत चालू. उंची माझ्या डोक्याच्या वर हातभर. जाडी फक्त अर्ध्या विटेची, म्हणजे आपल्याकडची चार इंची! मधे एकही खांब नाही, धिरा नाही.

आता अडचण. दरजांतला चुना ठिकठिकाणी झडलाय, नखाने खरवडला तरी वाळू गळते. मधल्या दोन वळणांवर आधीच्या मालकाने कधीतरी सिमेंट भरून घेतलं होतं. तिथे चित्र वेगळंच आहे. सिमेंटच्या रेषा जशाच्या तशा पुढे उभ्या आणि त्यांच्या मधली वीट बोटभर आत गेलेली. खाली गवतात लाल पोपड्यांचा ढीग. इथल्या एका बिल्डरने फाटकातूनच बघून सांगितलं की ग्राइंडरने सगळं साफ करून सिमेंट मारतो, दोन दिवसांचं काम. शेजारच्या आजीबाई मात्र म्हणाल्या, त्याला पाऊल टाकू देऊ नकोस.

कोणाचं ऐकू?

आगाऊ_कार्टं

पहिला प्रश्न, गवंडी घरून कोरडा आला होता का? आमच्याकडे भिंत अशी झाली तर बिल काढत नाहीत.

निवृत्त_ओळंबा

कार्ट्या, तो गवंडी तुझ्यामाझ्यापेक्षा हुशार होता.

एवढ्या उंचीची चार इंची भिंत सरळ बांधली तर पहिल्या मोठ्या वादळात आडवी होईल. पोस्टकार्ड टेबलावर उभं करून बघ, पडेल. मधोमध घडी घाल, उभं राहील. भिंतीने वळण घेतलं की तिचं वस्तुमान मधल्या रेषेपासून दोन्हीकडे लांब जातं आणि वाऱ्याला तोंड द्यायला जाडीऐवजी सगळ्या लाटेची रुंदी मिळते. बाकी सगळं याचंच गणित.

आता विटांचा हिशोब. समजा लाट ९ मीटर लांब आहे आणि मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १-१ मीटर झुकते. अशा भिंतीची खरी लांबी सरळ रेषेपेक्षा साधारण ११ टक्के जास्त भरते. १०० मीटर लांब, २ मीटर उंच जागा घ्या. सरळ नऊ इंची भिंतीला इथल्या आजच्या मापाच्या विटा चौरस मीटरला १२० धरल्या तर २४,००० लागतील. नागमोडी चार इंचीला चौरस मीटरला ६०, म्हणजे १३,३०० च्या आसपास. वर सरळ भिंतीला मधे मधे खांब द्यावे लागतात ते वेगळेच. फुकट काहीच नसतं म्हणा. दोन मीटर रुंदीचा पट्टा जमीन जाते आणि दोरी लावून सरसर काम होत नाही, प्रत्येक वळणाला ओळंबा धरून बसावं लागतं. पण जमीन जमीनदाराची होती आणि मजुरी स्वस्त होती. महाग होती ती वीट.

वळणावरचे_घर

वा काका, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं! इथे सगळे म्हणतात की विटांवर कर होता म्हणून अशा भिंती बांधल्या. खरं का?

निवृत्त_ओळंबा

कर होता हे खरं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज फेडायला १७८४ मध्ये बसवला, १८५० मध्ये उठवला. कर नगावर, म्हणून भट्टीवाल्यांनी वीटच मोठी केली. मग सरकारने मोठ्या विटेवर दुप्पट कर लावला. दोन्ही पक्ष आपल्या ओळखीचे वाटतात.

पण नागमोडी भिंतीचं मूळ करात शोधू नये. ती कल्पना त्याच्या बरीच आधीची. सतराव्या शतकात पूर्व इंग्लंडमधली दलदल उपसायला डच इंजिनियर आले, त्यांनी ती आणली असं मानतात. सफकमध्ये या भिंती आहेत तेवढ्या बाकीच्या सगळ्या इंग्लंडात मिळून नसतील, त्याचंही कारण हेच असावं. दक्षिणेला लिमिंग्टन गावात काही आहेत, त्या नेपोलियनच्या काळात तिथे आसऱ्याला आलेल्या हॅनोव्हरच्या सैनिकांनी बांधल्या असं म्हणतात. करामुळे एखाद्या कंजूष जमीनदाराला हुरूप आला असेल, इतकंच.

गुलबक्षी

तुम्ही दोघं भिंतीकडे कुंपण म्हणून बघताय. बागेच्या भिंतीचं खरं काम वेगळं होतं.

मी वॉरिकशायरमध्ये राहते, जुन्या बागा हा माझा नाद. या भिंती फळांसाठी होत्या. पीच, नेक्टरीन, जर्दाळू ही उन्हातली झाडं. इंग्लंडात उघड्यावर लावली तर फुलं मार्च-एप्रिलच्या दहिवराने जळतात. म्हणून झाड दक्षिणमुखी भिंतीला लावायचं आणि फांद्या पंख्यासारख्या चपट्या पसरून बांधायच्या. वीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू सोडते. फुलाला तेवढी दोन-चार अंशांची ऊब पुरते. दगडापेक्षा वीट पसंत करायचं आणखी एक कारण म्हणजे तिच्या दरजेत खिळा ठोकता येतो. माळी कापडाच्या चिंध्या घेऊन फांदीगणिक खिळा मारायचे. वळणावरचे_घर, तुमच्या भिंतीत बारीक भोकं असतील बघा. ती त्या खिळ्यांची.

भिंतीची प्रत्येक बाजू वाटून दिलेली असे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या बाजूला पीच आणि जर्दाळू, पश्चिमेकडच्या बाजूला प्लम आणि पेअर, आणि उत्तरेच्या सावलीत मोरेलो ही आंबट चेरी. वाया काही जात नव्हतं.

आमच्याजवळच पॅकवुड हाउस आहे, जुनी घरं आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं. तिथल्या बागेच्या विटांच्या भिंतीत तीसेक कोनाडे आहेत, अगदी आपल्या देवळीएवढे. त्यात दिवा नाही, मधमाश्या! पेंढ्याच्या विणलेल्या टोपलीत माश्या पाळायचे. ती टोपली पावसात कुजते, म्हणून तिला भिंतीत घर. कोनाड्यांचं तोंड दक्षिणेला. म्हणजे मधही मिळतो आणि समोरच्या फुलांचं परागीभवनही होतं. मला तर ही भिंत आतल्या घरापेक्षा जास्त आवडते, आणि घर काही कमी सुंदर नाही.

आगाऊ_कार्टं

ऊन कमी पडलं तर मग भिंतीला शेकोटी लावायचे का? 😄

गुलबक्षी

हसतोस काय, खरंच लावायचे!

वुस्टरशायरमध्ये क्रूम कोर्ट आहे. तिथली भिंतबंद बाग सात एकरांहून मोठी. तिच्यात १८०६ च्या सुमारास पूर्व-पश्चिम अशी एक सुटी भिंत बांधली, १३ फूट उंच, आणि तिला पाच भट्ट्या. अशा भिंती आतून पोकळ असतात. मागच्या बाजूला भट्टी पेटवायची, धूर आणि गरम हवा भिंतीच्या पोटातल्या आडव्या बोळांतून फिरत फिरत वर जाणार आणि धुराड्यातून बाहेर. काजळी काढायला मधे मधे झाकणं. फुलोऱ्याच्या दिवसांत थंडी पडणार असं दिसलं की रात्रभर विस्तव सांभाळायचा. हे काम कोणाचं? शिकाऊ माळी पोरांचं. त्यांच्या खोल्या भिंतीच्या उत्तरेला, जिथे ऊन कधीच येत नाही. पीचला दक्षिण बाजू आणि पोरांना उत्तर, हे मला प्रत्येक वेळी खटकतं.

१८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि त्याच भिंतींना टेकून काचघरं उभी राहिली. आता बरीच पडली. पण भिंतीवर चुन्याने रंगवलेला पांढरा तिरका पट्टा दिसला की समजावं, इथे द्राक्षांचं काचघर होतं.

अवांतर: या क्रूम कोर्टात १९७९ ते १९८४ इस्कॉनवाले राहत होते. इंग्रज सरदाराच्या महालात हरे कृष्ण!

घाटावरचा

सगळं छान. पण हे पीच कोणाच्या पैशावर पिकत होते तेही लिहा की. भट्ट्यांचा कोळसा, विटा, ते माळी. नॅशनल ट्रस्टनेच २०२० मध्ये अहवाल काढून आपल्या ९३ जागांचा वसाहती आणि गुलामगिरीशी संबंध असल्याचं मान्य केलं. आपल्या पुण्याचंच उदाहरण आहे. पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट मायदेशी परतला आणि विल्टशायरमधल्या विलबरी हाउसचा मालक झाला.

गुलबक्षी

घाटावरचा, मुद्दा रास्त आहे, आणि मॅलेटचं नाव इथे निघेल असं वाटलं नव्हतं. पण प्रत्येक हवेली कंपनीच्या पैशातून आली असंही नाही. पुष्कळांचा पैसा शेतसाऱ्याचा, कोळशाचा, लग्नातल्या हुंड्याचा. एकेका घराचा हिशोब वेगळा काढावा लागतो.

घाटावरचा

काढायलाच हवा. वेगळा धागा काढतो. इथे भिंत चालू द्या.

चुनखडी

उशिरा आले. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करते, आधी महाराष्ट्रात, आता इथे. वळणावरचे_घर, शेजारच्या आजींना माझा नमस्कार सांगा.

तुम्ही वर्णन केलेलं चित्र, सिमेंट पुढे आणि वीट आत, हे सिमेंटने केलेलं नुकसान आहे. जुनी वीट हाताने थापलेली, कमी भाजलेली, मऊ. ती पाणी पिते. जमिनीतून ओल चढते, पाऊस लागतो, पाणी आत जाणारच. ते बाहेर पडतं दरजेतल्या चुन्यातून, कारण चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र. दरज घट्ट सिमेंटने बंद केली की पाण्याला एकच वाट उरते, विटेचा दर्शनी भाग. मग हिवाळ्यात ते तिथे गोठतं, गोठताना फुगतं आणि विटेचं तोंड उडवतं. तुमच्या गवतातले पोपडे तेच. दरज झिजली तर पुन्हा भरता येते. विटेचं तोंड गेलं की आतला कच्चा भाग उघडा पडतो आणि पुढे दरवर्षी जास्त जातो.

निवृत्त_ओळंबा

ताई, एक शंका. मी आयुष्यभर सिमेंटचं काम केलं. सिमेंटला असं खलनायक करणं मला पटत नाही. दरज नीट खोल खरवडून, प्रमाण पातळ ठेवून, १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) मारलं तर इतकं नुकसान होऊ नये.

चुनखडी

काका, सिमेंट वाईट असं मी म्हणणार नाही. कडक भाजलेल्या आजच्या विटेला ते चालतं, तुमचे पूल आणि टाक्या त्याच्यावरच उभ्या आहेत. इथे प्रश्न जोडीचा आहे. मसाला, म्हणजे दरजेत भरायचं मिश्रण, विटेपेक्षा मऊ हवा. १:६ सुद्धा या विटेपेक्षा कडक पडतं.

दुसरं तुमच्याच विषयातलं. विटांची लांब भिंत आज बांधली तर दर काही मीटरवर तुम्ही सांधा सोडाल, कारण ऊन-थंडीत ती हलते. या भिंतींत एकही सांधा नाही आणि तरी शेकडो फूट अखंड गेल्यात. चुना ती हालचाल पोटात घेतो, बारीक तडा गेला तर पावसाच्या पाण्यात थोडा विरघळून तो स्वतःच बुजवतो. त्यात मधे दोन वळणं सिमेंटने आवळली की हालचाल तिथे अडते आणि तडा कडेला फुटतो. वळणावरचे_घर, सिमेंटची दोन वळणं संपतात तिथे उभी चीर आहे का बघून सांगा.

वळणावरचे_घर

आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. आहे. दोन्ही टोकांना.

निवृत्त_ओळंबा

हं. मग ताईंचं ऐका. वळणाची भिंत तोलावर उभी असते, चीर वाढू देणं परवडणार नाही. आणि माझ्याकडून एक सूचना. भिंतीला लागून मातीचा वाफा उंच करू नका. ही भिंत वारा झेलायला बांधलीय, माती अडवायला नाही.

तिरुअनंतपुरमकर

माझी भर. वास्तुविशारद लॉरी बेकर बर्मिंगहॅमचे, जन्म १९१७, आणि ते इथे केरळात येऊन स्थायिक झाले. त्यांनी खर्च वाचवायला नेमकी हीच युक्ती वापरली. इथल्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या आवारात त्यांच्या अर्ध्या विटेच्या वळणदार आणि घडीच्या भिंती आहेत, गिलावा न केलेल्या. विटा पोकळ मांडायची रॅट ट्रॅप पद्धतही त्यांनी इकडे रुजवली. जमीनदाराच्या पीचसाठी निघालेली युक्ती गरिबाच्या घराला लागू पडली, घाटावरच्यांना हे आवडावं.

घाटावरचा

आवडलं. 🙏

सह्याद्रीवारा

चुना म्हटल्यावर राहवेना. आपल्या गडांवर चुन्याची घाणी असते, दगडी चाक आणि गोल चर, बैल जुंपून चुना मळायचे. त्यात गूळ, हिरडा घालत. इंग्लंडातल्या चुन्यात काय घालतात?

चुनखडी

इथे बहुतेक वेळा काहीच नाही. चुना, वाळू, पाणी. जुन्या मसाल्यात भट्टीतले न फुटलेले पांढरे खडे अजून दिसतात. आज बाजारात पाण्यात घट्ट होणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना पोत्यात मिळतो, २, ३.५ आणि ५ अशा ताकदींचा. इतक्या मऊ विटेला २ पुरेल, माथ्यावरच्या आडव्या थराला, जिथे पाऊस सरळ लागतो तिथे, ३.५. पाचाकडे जाऊ नका, पुन्हा सिमेंटचीच गत होईल.

आता कामाची पद्धत, वळणावरचे_घर, बिल्डरला दाखवायला:

ग्राइंडर नको. तो दरजेबरोबर विटेची कडही कापतो आणि ती कड परत येत नाही. छिन्नी-हातोडीने, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायचं. सिमेंट जिथे आपण होऊन सुटतं तिथलं काढायचं. जिथे काढताना वीट तुटेल तिथे तूर्त राहू द्यायचं, झिजून सैल झालं की पुढे बघू. धूळ काढून पाणी मारायचं, म्हणजे कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषणार नाही. मसाला घट्टसर, आत दाबून भरायचा, विटेच्या तोंडावर माखायचा नाही. मग ओलं गोणपाट टांगून ठेवायचं. हे आपल्या क्युरिंगसारखंच, फक्त इथे ऊन आणि वाऱ्याबरोबर थंडीचीही भीती. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर चुन्याला हात लावायचा नाही. ऑक्टोबरनंतर मी स्वतः असं काम घेत नाही, वसंतापर्यंत थांबते.

आणि सगळ्यात आधी कागद. हवेली किंवा ही भिंत संरक्षित यादीत होती का, ते हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या यादीत ऑनलाइन शोधा. भिंत स्वतंत्रपणे यादीत नसली तरी यादीतल्या घराच्या आवारातलं १ जुलै १९४८ च्या आधीचं बांधकाम बहुधा त्याच संरक्षणात येतं. तुमची हवेली पाडली गेलीय, म्हणून भिंतीचीच स्वतंत्र नोंद शोधावी लागेल. परवानगीशिवाय संरक्षित भिंतीत फेरफार करणं हा फौजदारी गुन्हा आहे. परवानगीच्या अर्जाला फी नाही. कौन्सिलच्या वारसा अधिकाऱ्याला आधी मेल टाका, भांडायला नाही, विचारायला. बहुतेक जण खूश होऊन येतात.

वळणावरचे_घर

मंडळी, अपडेट.

भिंत यादीत आहे, दुसऱ्या श्रेणीत. अधिकारी बाई येऊन गेल्या. तशाच मसाल्याने तशीच दुरुस्ती केली तर वेगळी परवानगी लागणार नाही असं त्यांनी लेखी दिलं, चिरा पडलेल्या भागासाठी मात्र अर्ज करायला सांगितलं. ग्राइंडरवाल्या बिल्डरला नाही म्हणून कळवलं. चुन्याचं काम जाणणारा एक गवंडी मिळालाय, तो मे महिन्यात येईल. दर ऐकून पोटात गोळा आला, पण गोळा गिळला.

एक गोष्ट अधिकारी बाईंनी दाखवली, ती इथे सांगायलाच हवी. आमच्या बाजूला फुगलेल्या वळणांवर खिळ्यांची भोकं विरळ आहेत. आत गेलेल्या वळणांत, म्हणजे खोबणीत, भोकांनी वीट भरून गेलीय. गुलबक्षीताई, म्हणजे झाडं खोबणीत होती?

गुलबक्षी

बरोबर. खोबणीत वारा लागत नाही आणि दोन्हीकडच्या विटांची ऊब मिळते. तरी माझं मत विचाराल तर मोठ्या हवेल्यांनी फळांसाठी सरळ भिंतीच जास्त का बांधल्या, त्याचं उत्तरही तुमच्या भिंतीत आहे. लाटेच्या एका कुशीला सकाळचं ऊन मिळतं, दुसरीला दुपारचं, सबंध दिवस कोणालाच नाही. सरळ दक्षिणमुखी भिंतीवर ते सारखं पडतं. या वादात लोकांनी डोकी बरीच चालवलीत. न्यूटनचा मित्र फॅशिओ याने तर १६९९ मध्ये पुस्तकच काढलं की भिंत उभी नकोच, सूर्याकडे तिरकी कलती बांधा.

आगाऊ_कार्टं

न्यूटनच्या मित्राला झाडावरून पडणाऱ्या फळाचंच सुचणार.

गुलबक्षी

😄 बस खाली.

वळणावरचे_घर, गवंडी काम करून गेला की लगेच झाड लावू नका. चुन्याला एक उन्हाळा द्या. रोप नोव्हेंबरनंतर, पानं गळाल्यावर. जर्दाळू घ्या, पीचच्या पानांना इथल्या ओल्या हवेत सुरकुत्या पडण्याचा रोग फार लागतो. भिंतीपासून हातभर लांब लावा, कारण भिंतीच्या पायाशी माती कायम कोरडी असते. आता चिंध्या आणि खिळे नकोत. स्टीलचे डोळे, म्हणजे तार ओवायच्या कड्या, दरजेत बसवून तार ओढा. गवंड्याला ते आत्ताच सांगा, म्हणजे ओला चुना असतानाच बसवेल.

चुनखडी

ओल्यात नको, दाबताना दरज उकलेल. चुना पक्का झाल्यावर बारीक ड्रिलने, फक्त दरजेत. आणि वसंतात त्या दरजांत मेसन बी, म्हणजे एकट्या राहणाऱ्या छोट्या माश्या, भोकं पाडताना दिसल्या तर औषध मारू नका. थोड्या असतील तर भिंतीला काही होत नाही, तुमच्या जर्दाळूला उपयोगच आहे.

वळणावरचे_घर

तारा, डोळे, जर्दाळू, सगळं लिहून घेतलं. आजीबाई म्हणतात, उत्तरेची बाजू त्यांच्या मुलाच्या शेताकडे येते, तिथे मोरेलो त्या लावतील, चेऱ्या निम्म्या निम्म्या.